उजवी दिवटी

आठ वर्षांच्या तुळजानं दिवटी दोन्ही हातांनी उचलली आणि गोठ्याच्या दारापासून पायरीपर्यंत चालत आली. दिवटी अजून पेटवलेली नव्हती. लोखंडी दांड्याच्या टोकाला जुन्या धोतराच्या चिंध्या घट्ट गुंडाळल्या होत्या, आणि त्या वजनानं तिची मनगटं किंचित खाली वाकत होती. पायरीवर बसलेल्या तिच्या आजोबांनी, लालासाहेबांनी, हातातली काठी फरशीवर आपटली.

"उंच धर. खांद्याच्या वर. आन् कोपार अंगाला."

"उंच धरलं की वारं लागतं, आबा."

"आगं, नाथाची दिवटी हाय ती. लोकास्नी दिसाय नगं व्हय?"

"विझली तर काय दिसणार?"

लालासाहेबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. सव्वीस वर्षं सैन्यात काढून सुभेदार होऊन परतलेला माणूस. उलट प्रश्नाची सवय नव्हती. तुळजानं मग दिवटी छातीशी घेतली, एक खांदा पुढे काढला आणि वाऱ्याकडे पाठ करून तिरकी तिरकी चालून दाखवली. नजर जमिनीवर नव्हती. नसलेल्या ज्योतीवर होती. पावलं आपली आपण पडत होती.

"कुणी शिकीवलं तुला ह्ये?"

"शाळेत."

ओसरीवर पुरणाची डाळ निवडत बसलेल्या तिच्या आईनं, अंकितानं, सूप उगाचच एकदा पाखडलं आणि मान आणखी खाली घातली. शाळेत म्हणजे कुठं, हे सासऱ्यांनी पुढं विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायची तिची तयारी नव्हती.

जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या ज्या छोट्या गावात ती आणि तिचा नवरा उदयसिंह अकरा वर्षं राहत होते, तिथं नोव्हेंबरच्या थंडीत मुलांची कंदिलांची फेरी निघते. कुणी एक संत घोड्यावरून जाताना कुडकुडणाऱ्या माणसाला आपला अर्धा झगा कापून देतो, त्याच्या नावानं. तुळजा तीन वर्षांची असताना बालवाडीतून चिठ्ठी आली होती की, घरून कागदी कंदील करून पाठवा. अंकितानं चीजच्या गोल डबीला पतंगाचा कागद चिकटवून कसाबसा कंदील केला, आत खरीखुरी मेणबत्ती लावली आणि रस्त्याच्या कडेला हात बगलेत घालून उभी राहिली. पोरगी इतर पोरांच्या ओळीत, त्यांचं गाणं म्हणत निघून गेली. तेव्हापासून दर वर्षी ती ओळ पुढे जाताना अंकिताला वाटायचं, लेक आपल्या हातातून एक पाऊल आणखी लांब गेली. व्हिडिओवर एकदा सासूबाईंनी, लीलाबाईंनी, कंदील पाहून विचारलं होतं, "कुठला देव गं ह्यो?" अंकितानं विषय बदलला होता.

म्हणून तर या ईस्टरच्या सुट्टीला जोडून चैत्रातली गावची जत्रा तिनं धरली होती. उदयसिंहही येणार होता. आणि मग नेमकं जत्रेच्याच दिवशी त्याचं बोलावणं आलं. तिथल्या कचेरीत, नागरिकत्वाच्या कागदावर सही करायला. दीड वर्ष वाट पाहिलेली तारीख. ती चुकवली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. मायलेकी दोघीच निघाल्या.

तेवढ्यानं गावात वादळ उठेल असं तिला वाटलं नव्हतं.

औंधच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या त्या गावात सिद्धनाथाचा छबिना निघतो तेव्हा पालखीपुढं दोन दिवट्या चालतात. उजवी लालासाहेबांच्या घराची, डावी केरबांच्या घराची. देवळातल्या समईवर दिवटी पेटवायची आणि गावच्या वेशीपर्यंत जळती न्यायची, एवढाच मान. वाटेत विझली तर देवळात परत जाऊन पेटवून आणायची. तोवर पालखी वेस ओलांडून गेली तर त्या वर्षी मान बुडाला. लालासाहेबांचा उजवा हात गेल्या दिवाळीपासून कापायला लागला होता. पाण्याचा तांब्यासुद्धा ठरत नव्हता, तिथं दिवटी कुठली. मुलगा परदेशात. भावकीत दुसरं कुणी नाही.

गुढीपाडव्याच्या बैठकीत केरबांनी सरळ मांडलं की मान घराचा असतो, आणि ज्या घरातला पोरगा जत्रेच्या दिवशी दुसऱ्या देशाच्या कागदावर सही करणार, इथला पासपोर्ट परत करणार, त्या घराचा मान कसला. दोन्ही दिवट्या आपला नातू सिद्धू आणि पुतण्या धरतील. त्यावर लालासाहेबांनी सांगितलं, माझी नात धरंल. बैठकीत हसू उठलं. मग नाथाजी गुरवांनी, ज्यांच्या घराण्यानं सात पिढ्या देवळाची पूजा केली, आठवून पाहिलं. लेकीनं दिवटी धरू नये असं कुणी कधी सांगितलेलं त्यांना आठवेना; कारण कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी निवाडा दिला: नातीनं वेशीपर्यंत जळती नेली तर मान घरात राहील. विझली, तर पुढल्या वर्षीपासून उजवी दिवटीही केरबांच्या घरात.

अंकिताला दिवटीचं एवढं अप्रूप नव्हतं; तिचं माहेर फलटणचं, तिकडं असला काही प्रकारच नाही. पण आल्या दिवसापासून तिला दिसत होतं, तुळजाकडं गाव पाहुण्यासारखं बघतं. पाहुण्याला चहा देतात, मायेनं जेवू घालतात आणि मग कधी जाणार म्हणून विचारतात. दिवटी गेली तर या पोरीला इथं यायला हक्काचं असं काय उरणार होतं?

सकाळी नळावर केरबांच्या बायकोनं, साळूबाईंनी, तिला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारणीला म्हटलंही होतं.

"जर्मनीच्या लेकीला नाथाचा भार सोसंल व्हय गं? तिकडं म्हणं बटान दाबलं की दिवा लागतोय."

शेजारीण हसली. अंकितानं घागर काठोकाठ भरली, आणि घरी येईपर्यंत निम्मं पाणी तिच्या साडीवर होतं.

दुपारी उदयसिंहचा फोन आला. तिथं सकाळचे साडेदहा वाजले होते. त्यानं एवढंच सांगितलं की झालं, त्याच्या नावचा कागद मिळाला. आवाजात आनंद होता आणि तो त्यानं फडक्यात गुंडाळल्यासारखा धरला होता. लालासाहेब बाजेवर पडले होते. फोन त्यांनी मागितला नाही, पण कान इकडंच होता.

"शपथ घ्याय लागती का तिकडं?" त्यांनी विचारलं.

अंकितानं फोन कानापासून लांब धरला. "हो, आबा. उभं राहून म्हणावी लागते. इथले कायदे पाळीन, या देशाचं वाईट होईल असं काही करणार नाही, अशी."

लालासाहेबांनी डोळे मिटले. त्यांनी स्वतः एकोणिसाव्या वर्षी शपथ घेतली होती, बेळगावच्या मैदानावर.

"मग घेतल्याली पाळ म्हणावं," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

फोनच्या पलीकडं उदयसिंहनं ते ऐकलं असावं. त्यानं फोन ठेवला.

तिसऱ्या प्रहरी लीलाबाई तुळजाची वेणी घालायला बसल्या. तेल चोपडता चोपडता त्यांनी अंकिताला जे सांगितलं ते लग्नाला बारा वर्षं होऊनही तिच्या कानावर आलं नव्हतं. केरबांच्या घराशी इस्तू बंद आहे, म्हणजे चुलीतला निखारासुद्धा द्यायचा-घ्यायचा नाही, हे तिला माहीत होतं. दोन्ही घरांत गॅस आला तरी बोलायची रीत तीच राहिली होती. पण कारण बांधाचं असेल, पाण्याचं असेल, असं तिनं धरून ठेवलं होतं.

"बांध न्हाई आन् पाणी न्हाई," लीलाबाई म्हणाल्या. "हे आन् केरबाभावजी एका पाटीवर शिकल्याले. तेवीस वरसं झाली. तवा हे रजेवर आल्ते. वढ्यावर केरबाभावजींची दिवटी इझली. ते ह्यांना म्हणाले, लाला, तुझ्यावर पेटवू दे. हे म्हणाले, देवळात जाऊन पेटव."

"मग?"

"मग काय. गेले पळत. येस्तवर पालखी वेशीच्या भाईर." लीलाबाईंनी वेणीला रिबिनीची गाठ मारली. "लय वर्दीचा ताठा हुता अंगात. मागनं कळलं ह्यांना. पर कळून काय करत्यात."

तुळजा मधेच म्हणाली, आज्जी, ओढतेस किती. आणि विषय तिथंच राहिला.

दिवस कलायला छबिना देवळातून निघाला. हलगी आणि सनईमागं पालखी, पालखीवर गुलाल-खोबऱ्याची उधळण, आणि सगळ्यांच्या पुढं दोन दिवट्या. नाथाजींनी समईवर उजवी पेटवून तुळजाच्या हातात दिली तेव्हा त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. देवासाठी की पोरीसाठी, कोण जाणे. तुळजा अनवाणी होती. नऊवारीचा काष्टा लीलाबाईंनी घातला होता, आणि तो तीन ठिकाणी टाचणीनं टोचला होता. शेजारी सिद्धू. चोवीस वर्षांचा, पलटणीतून सुट्टीवर आलेला, तिच्या दीडपट उंचीचा. त्यानं डावी दिवटी रीतीप्रमाणं खांद्याच्या वर धरली, निशाणासारखी.

तुळजानं आपली छातीशी घेतली. बघणाऱ्यांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, पोर घाबरली वाटतं. तेलाची बुधली घेऊन लेकीच्या बाजूनं चालणाऱ्या अंकितानं ते ऐकलं आणि दात आवळले. मागून लालासाहेब काठी टेकत येत होते. डाव्या अंगाला केरबा, त्यांच्याही हातात बुधली.

चावडीपर्यंत सगळं सुरळीत झालं. घरांच्या आडोशानं वारा लागत नव्हता. दर वीसेक पावलांवर अंकिता चिंध्यांवर तेलाची धार सोडायची, ज्योत जरा दबायची आणि पुन्हा उभी राहायची. कपाळावरचा घाम तुळजाच्या डोळ्यांत उतरत होता तरी तिनं हात सोडला नाही. अंकिताला एकदम आठवलं, पहिल्या फेरीच्या वेळी, तीन वर्षांची असतानाही, ती अशीच चालली होती. तेव्हा अंकितानं पोरीच्या चालण्याकडं नीट पाहिलंच नव्हतं. आपण रडणार नाही ना, एवढंच पाहत बसली होती.

ओढ्यावरच्या फरशीपुलावर घरं संपतात. तिथून वेस शंभर पावलं. डोंगरावरून उतरणारा चैत्रातला वारा तिथं दबा धरूनच बसलेला असतो. पालखी पुलावर आली आणि तो आडवा आला. तुळजानं पाठ वळवली, खांदा पुढे काढला, तिरकी झाली. तिची ज्योत आडवी पडली, निळी झाली, एवढीशी झाली.

मग पुन्हा सरळ झाली.

सिद्धूची दिवटी खांद्याच्या वर होती. ती एका फटक्यात विझली. धुराची एक रेघ वाऱ्यावर मोडत गेली.

हलगी थांबायची रीत नाही, पण थांबली. क्षणभरात पुलावरच्या प्रत्येकाला कळून चुकलं काय झालं ते. देवळात जाऊन परत येईस्तोवर पालखी वेशीबाहेर जाणार. केरबांचा यंदाचा मान बुडाला. आणि ज्याचा स्वतःचा बुडाला तो दुसऱ्याचा कोणत्या तोंडानं मागणार? उजवी दिवटी आता लालासाहेबांच्या घरातून कुणी हलवू शकत नव्हतं. तुळजानं फक्त शंभर पावलं टाकायची होती. जिंकलो, असं अंकिताला वाटलं, आणि वाटल्याची लाज वाटायच्या आतच तिनं पाहिलं, सिद्धूनं देवळाकडं तोंड फिरवलं होतं आणि तुळजानं त्याचा सदरा धरला होता.

"दादा, जाऊ नको ना. खाली धर. माझा हात पुरत नाही."

सिद्धूला काही समजेना. तुळजानं आपली दिवटी वर उचलून दाखवली, टाचा उंच केल्या, तरी ज्योत त्याच्या खांद्यापर्यंतच पोचत होती. वर गेल्याबरोबर ती पुन्हा फडफडायला लागली.

"तुळजा," अंकिता म्हणाली. खाली घे, असं म्हणायचं होतं. तुझी विझेल, असं म्हणायचं होतं.

सिद्धूनं आजोबांकडं पाहिलं. केरबा नातवाकडं पाहत नव्हतेच. ते लालासाहेबांकडं पाहत होते, त्याच पुलावर, तेवीस वर्षांनी. सनईवाल्यानं सनई ओठांपासून खाली घेतली.

लालासाहेब काठी टेकत दोन पावलं पुढं आले. त्यांचा उजवा हात काठीवर थरथरत होता. तो त्यांनी डाव्या हातानं दाबून धरला.

"केरबा," ते म्हणाले, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच गावानं ते नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. "त्याला खाली बस म्हण. पोर दमंल माझी."

केरबांनी नातवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. सिद्धू पुलाच्या फरशीवर एक गुडघा टेकून बसला. तुळजानं आपली दिवटी त्याच्या दिवटीला लावली, पाठ वाऱ्याकडं करून, दोन्ही चिंध्या आणि वारा यांच्या मधे स्वतः भिंतीसारखी उभी राहून. काजळी धरलेली चिंधी लगेच पेट घेईना. तुळजाची ज्योत खाली खाली बसत चालली. अंकितानं डोळे मिटले नाहीत. मिटावेसे फार वाटले.

आधी धूर आला. मग एक पिवळी जीभ. मग दोन.

सिद्धू उठला तेव्हा त्याची दिवटी त्याच्या छातीशी होती. तुळजाची ज्योत मात्र बोटभर उरली होती, तेल संपत आलं होतं. अंकिता बुधली घेऊन पुढं सरली, पण तिच्या आधी केरबांचा हात पुढं आला. त्यांनी आपल्या बुधलीतली धार उजव्या दिवटीवर सोडली, सावकाश, चिंधीच्या कडेकडेनं, जाणत्या हातानं. ज्योत दबली आणि मग अशी उठली की तुळजाचं सगळं तोंड उजळून निघालं. गुलालानं माखलेलं, घामानं ओघळलेलं, दातांची फट दाखवत हसणारं.

"नाथसाहेबाच्या नावानं," नाथाजी गुरव ओरडले. म्हातारपणानं आवाज चिरकला.

चांगभलं एवढं मोठं उठलं की ओढ्यातल्या बाभळीवरचे बगळे उडाले. हलगी कडाडली. वेस कधी आली, कधी ओलांडली, कुठली दिवटी आधी गेली, हे नंतर कुणालाच नेमकं सांगता आलं नाही. अंकिताला तर मुळीच नाही. तिला समोरचं सगळं पाण्यातून दिसत होतं.

घरी आल्यावर तुळजा परसाकडच्या ओट्यावरच झोपली, काष्ट्यासकट. अंकितानं तिच्या तळव्यांवरचे फोड पाहिले, तूप लावलं आणि मग उदयसिंहला फोन लावून सगळं सांगितलं. मग त्यानं विचारलं, हे तूच तिला सांगून ठेवलं होतंस का?

"नाही हो. कंदिलाच्या फेरीत तसंच करतात ना. कुणाचा विझला तर शेजारच्यानं लावून द्यायचा." आणि मग, "यंदाच्या नोव्हेंबरला मी पण कंदील करणार आहे. कडेला नाही उभी राहणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाबाई परसात अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवून बसल्या होत्या. अंकिता शेजारी शेणकुटं मोडत होती. परसाचं दार कुरकुरलं आणि साळूबाई आत आल्या. त्यांच्या हातात फुटक्या मडक्याची खापरी होती. परसाच्या मधोमध येऊन त्या थांबल्या, जणू तिथून पुढची वाट विसरल्या होत्या.

"लीला, इस्तू हाय का गं?" त्या म्हणाल्या. "काडेपेटी कुठं ठेवलीया, सापडंनाच बग मला."

काडेपेटी त्यांच्या कमरेला खोचलेली होती. पदराखालून तिचा लाल कोपरा चांगला बोटभर बाहेर आला होता. अंकितानं तो पाहिला. लीलाबाईंनीही पाहिला, आणि चुलीकडं वळल्या.

"तर काय. वय झालं आता आपलं," त्या म्हणाल्या.

त्यांनी चिमट्यानं चुलीतले सगळ्यात मोठे, सगळ्यात लाल निखारे निवडले आणि एकेक करून खापरीत ठेवले. वर शेणकुटाचा तुकडा टाकला. दोघींचे हात खापरीवर जरा वेळ एकत्र राहिले. साळूबाईंनी ओट्याकडं मान वळवली, जिथं तुळजा अजून अंगाचं मुटकुळं करून झोपली होती.

"उठली की धाडून दे आमच्याकडं," त्या म्हणाल्या. "गूळ घालून दामट्या करतीया. तिकडं कुठं मिळत्यात."

एवढं बोलून त्या निघाल्या. दाराबाहेर वारा होता. साळूबाईंनी खापरी छातीशी धरली, पदर आडवा घेतला, एक खांदा पुढं काढला आणि वाऱ्याकडे पाठ करून तिरकी तिरकी पावलं टाकत त्या आपल्या घराकडं चालायला लागल्या.